उतरला की उतरवला?

शंकरराव खरात यांचे 'तराळ-अंतराळ' १९८१ साली प्रसिद्ध झाले. त्याच्याविषयी जे अभिप्राय माझ्या वाचनात आणि कानावर आले त्यांत एक शब्द हटकून भेटतो : 'संयत'. प्रस्थापित समीक्षेच्या तोंडी हा शब्द म्हणजे दलित लेखकाच्या पाठीवर मारलेली थाप असते. तू ओरडला नाहीस, म्हणून तुला ओसरीवर बसू देतो. उलट आपल्यातले काही तरुण मित्र याच कारणासाठी त्या पुस्तकाला नाक मुरडतात. त्यांना त्यात विद्रोह कमी पडलेला दिसतो. मला हे दोन्ही पक्ष एकाच चुकीचे वाटेकरी वाटतात. दोघेही लेखकाचा आवाज किती चढला ते मोजतात. लेखक काय नोंदवतो आहे, तिकडे कोणाचे लक्ष नाही.

त्या पुस्तकातला विहिरीचा प्रसंग घ्या. विहिरीत प्रेत आहे. तराळकी लेखकाच्या वडिलांकडे, म्हणून प्रेताची राखण त्यांची. पोलीस येतात आणि प्रेत वर काढण्याचे कामही त्यांच्याच गळ्यात पडते. विहिरीत साप आहे. काठावर मुलगा उभा आहे, त्याला भीती आहे, आणि ती तो हवालदाराला बोलूनही दाखवतो. तरी प्रेत बाहेर निघायचे ते तराळाच्याच हातांनी.

मी औंध भागातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. वर्गात या प्रसंगाचा सारांश लिहायला सांगितला की दहातली नऊ मुले लिहितात, 'वडील विहिरीत उतरतात.' मी लाल शाईने ते वाक्य 'वडील विहिरीत उतरवले जातात' असे करतो. मुले विचारतात, सर, अर्थ तर तोच ना? नाही. मराठीत 'उतरणे' आहे आणि 'उतरवणे'ही आहे. दुसऱ्याला व्याकरणात प्रयोजक क्रियापद म्हणतात. क्रिया एकाची आणि करवून घेणारा दुसरा, असे दोन कर्ते त्यात असतात. 'उतरला' म्हटले की काठावरचा दुसरा माणूस वाक्यातून निघून जातो. खरातांच्या लिखाणाचे सामर्थ्य मला यात दिसते की त्यांनी तो माणूस जाऊ दिला नाही. हवालदार शेवटपर्यंत काठावर उभा आहे. खरात पेशाने वकील होते, हे समीक्षक एखाद्या चरित्रटिपणात सांगून मोकळे होतात. मला वाटते, त्या वकिलीचा या गद्याशी जवळचा संबंध आहे. हा प्रसंग एका मुलाने बापाच्या वतीने फार वर्षांनी लिहिलेला पंचनामा आहे. पंचनाम्यात कोणी ओरडत नाही.

हा प्रसंग कोणाच्या राज्यातला, हेही पाहिले पाहिजे. खरात आटपाडीचे. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आणि औंध सातारा जिल्ह्यात आहे. पण १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत आटपाडी औंध संस्थानात होती. खरातांचा जन्म १९२१ चा. म्हणजे हे बालपण भवानराव पंतप्रतिनिधींच्या राजवटीतले. हा राजा सूर्यनमस्कारांचा प्रचारक होता, स्वतः चित्रकार होता; औंधचे वस्तुसंग्रहालय त्याचेच. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने, आणि मॉरिस फ्रीडमन व अप्पासाहेब पंत यांच्या खटपटीने, त्याने रयतेला स्वराज्याची घटना दिली. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत उभी राहिली. खुनाची शिक्षा झालेल्या माणसांना भिंतीशिवाय ठेवायचे, शेती करू द्यायची, विश्वास टाकायचा, असा तो प्रयोग. मी हे उपहासाने सांगत नाही. त्या काळच्या संस्थानिकांच्या रांगेत असा माणूस विरळा. पण ज्या मुलुखात खुन्यावर विश्वास टाकण्याइतके मोठे मन होते, त्याच मुलुखातल्या तराळाला, 'साप आहे, मी जात नाही' एवढे म्हणायची सोय नव्हती. सुधारणा वरून येते तेव्हा ती काठापर्यंत येते. विहिरीच्या तळाशी काय चालले आहे, ते तळाशी गेलेल्यालाच ठाऊक.

याच आटपाडी तालुक्याने मराठीला माडगूळकर बंधू दिले. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) संस्थानचा राजा धनगरांच्या वाडीत येतो, तो तालमीच्या उद्घाटनाला. स्वतंत्रपूरच्या प्रयोगावरून 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट १९५७ साली निघाला. त्याची कथा-पटकथा ग. दि. माडगूळकरांची. दोन्ही कृती मोठ्या आहेत, आणि आमच्या दुष्काळी माणदेशाला त्यांचा अभिमान वाटतो तो खोटा नाही. पण त्यांच्याशेजारी 'तराळ-अंतराळ' ठेवून पाहा. एकाच संस्थानचे राज्य बनगरवाडीत राजा होऊन पोचते आणि महारवाड्यात हवालदार होऊन पोचते. माणदेशी साहित्याचा इतिहास सांगणाऱ्यांनी या दोन पोचण्यांमधले अंतर अजून मोजलेले नाही.

तराळकी ही नोकरी नव्हती, वेठ होती. आणि त्या वेठीला वतनाचा आधार होता. चार पांढरी ढेकळे आणि बलुत्याची भाकरी यांच्या बदल्यात रात्रंदिवस हुकमाला हजर राहायचे. बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात १९२८ साली महार वतनाच्या दुरुस्तीचे बिल आणले ते हाच पीळ सोडवण्यासाठी. प्रत्यक्षात ही कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडले. बाबासाहेब तेव्हा नव्हते. म्हणून कोणी म्हणेल, वतन गेले, तराळ गेला, विहिरीचा प्रसंग आता इतिहासजमा झाला. शिकवा, गुण द्या, पुढे चला.

तसे झाले असते तर हा लेख लिहायचे कारण नव्हते. विहीर बुजली, तिच्या जागी संडासची टाकी आली.

माझ्या एका चुलत्याने उमेदीची वर्षे तालुक्याच्या गावात टाक्या उपसण्यात घालवली. त्याची एक रीत होती. झाकण सरकवायचे, थोडा वेळ लांब बसून बिडी ओढायची, मग कंदील पेटवून दोरीने टाकीत सोडायचा. कंदील विझला तर त्या दिवशी काम नाही. जळत राहिला तर खाली जायचे. ही रीत त्याला कुठल्या अभियंत्याने शिकवली नव्हती, वडीलधाऱ्यांकडून आली होती; आणि या रीतीवर भरवसा ठेवून किती माणसे गेली असतील याचा हिशोब कुठेच नाही. कारण कंदील फक्त एकच गोष्ट सांगतो : ज्योत जळायला पुरेल इतका प्राणवायू तिथे आहे. टाकीतला मारेकरी बहुधा वेगळाच असतो.

हे थोडे विस्ताराने सांगतो. साहित्याच्या नियतकालिकात रसायनशास्त्र कशाला, असे ज्याला वाटेल त्याने पुढचे दोन परिच्छेद सोडावेत. पण मग टाकीवर कविता लिहू नये.

टाकीत मैला कुजतो तो हवेशिवाय. त्यातून मिथेन निघतो, कार्बन डायऑक्साइड निघतो, अमोनिया निघतो आणि हायड्रोजन सल्फाइड निघतो. मिथेन प्राणवायूला हुसकावतो, शिवाय पेट घेतो. म्हणजे चुलत्याचा कंदील विझला नाही तर स्फोटही करू शकत होता. पण खरा कपटी हायड्रोजन सल्फाइड. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसून राहतो. अगदी थोडा असला तर त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे शंभर भाग झाले की काही मिनिटांत नाक बधिर होते आणि वास यायचा बंद होतो. माणसाला वाटते, घाण गेली, आता बरे आहे. हजार भागांच्या आसपास एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. ओरडायला वेळ मिळत नाही. एवढ्या वायूने कंदील विझत नाही, कारण ज्योतीला लागणारा प्राणवायू अजून शिल्लक असतो. आणि आधी झाकण उघडून ठेवले, अगदी यंत्राने हवा तपासली, तरी धोका टळत नाही. वर साय धरलेली असते, तळाला गाळ असतो, वायू त्या गाळात कोंडलेला असतो. माणसाने खाली जाऊन फावडे मारले की तो सुटतो. म्हणजे त्याला मारणारी गोष्ट त्याच्याच कामातून बाहेर येते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा पोटात घेतलेली दारू यांचा त्या वायूवर काडीचाही परिणाम होत नाही. दारू फक्त किळस मारते.

मग दुसरा माणूस जातो, पहिल्याला काढायला. मग तिसरा. बातमीत नेहमी तीन, चार, पाच असे आकडे का असतात, याचे उत्तर हे आहे. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या एका शेतावर टाकी साफ करताना पाच मजूर गेले. एप्रिल २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात बायोगॅसचा शेणकाला साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला एक गेला, त्याला काढायला दुसरा, असे करत पाच जण गेले. कमरेला दोर बांधलेला तेवढा एक वाचला. वाकडीत कोणी कोणाला हुकूम केला नव्हता, तिथे माया होती आणि अज्ञान होते. तो प्रसंग मी मुद्दाम सांगतो, कारण वायूला जात कळत नाही. टाकीच्या तोंडाशी कोणाला आणून उभे करायचे, ते मात्र जात ठरवते. गटारे आणि टाक्या साफ करणाऱ्यांची जी नोंदणी केंद्र सरकारने 'नमस्ते' योजनेखाली केली, तिचे २०२४ मध्ये संसदेत दिलेले आकडे असे : पडताळणी झालेले कामगार ५४,५७४. त्यांपैकी अनुसूचित जातींचे ३७,०६०, म्हणजे शंभरात अडुसष्ट. खुल्या प्रवर्गातले शंभरात आठ. ही माणसे उतरली म्हणायची की उतरवली?

वर्तमानपत्रांना विचारा. त्यांचे वाक्य ठरलेले असते : टाकी साफ करण्यासाठी उतरलेल्या तिघांचा गुदमरून मृत्यू. पुढे 'दुर्दैवी घटना', पुढे 'परिसरात हळहळ'. जणू तिघांना पहाटे जाग आली आणि आपण टाकीत जाऊन यावे अशी लहर आली. हौदात पोरे पोहायला उतरतात, तेही क्रियापद हेच. क्रियापदाचे एवढे एक रूप बदलले असते तर बातमीदाराला आणखी एक ओळ लिहावी लागली असती : कोणी उतरवले, किती मजुरी ठरवून, आणि मैला ओढणारी गाडी का बोलावली नाही. ती ओळ कष्टाची आहे. हळहळ फुकट असते.

कायद्याची भाषाही याला अपवाद नाही. १९९३ च्या कायद्याने कोरडे संडास आणि डोक्यावरून मैला वाहणे बंद केले. टाकीचा त्याने विचारच केला नव्हता. २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला, तारीख आपल्या ध्यानात राहील अशीच आहे. त्यात गटारे आणि टाक्या यांच्या 'धोकादायक सफाई'ला मनाई आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण धोकादायक सफाई म्हणजे काय, तर मालकाने संरक्षक साधने न देता आणि खबरदारी न घेता हाताने करून घेतलेली सफाई. म्हणजे साधने दिली की ती धोकादायक उरत नाही. माणसाने माणसाचा मैला हाताने उपसावा की नाही, हा प्रश्न कायदा विचारत नाही. हातमोजे दिले होते की नाही, हे विचारतो. आणि तेवढेही पाळले जात नाही. २०२२ आणि २०२३ मधल्या अशा ५४ मृत्यूंची सरकारनेच सामाजिक तपासणी करविली. त्यांत ४९ जणांच्या अंगावर कसलेच साधन नव्हते.

मुंबईत गोवंडीला डिसेंबर २०१९ मध्ये एका खासगी गृहनिर्माण संस्थेची टाकी साफ करताना तीन कामगार गेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या. टाकी खासगी, ठेकेदार खासगी. मग सरकारचा काय संबंध? सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितले, संबंध आहे. प्रत्येकीला दहा लाख सरकारने आधी द्यावेत, मग ज्याच्याकडून वसूल करायचे त्याच्याकडून करावेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवलेली ही रक्कम ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाखांवर नेली. रक्कम वाढली याचे समाधान आहे. पण गोवंडीच्या निकालात मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. तीन बायकांनी न्यायालयाला प्रयोजक क्रियापद वापरायला लावले.

इथून मी चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'कडे येतो. २०१४ साली व्हेनिसला या चित्रपटाला पारितोषिके मिळाली, पुढे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले, ऑस्करसाठी भारताकडून पाठवला गेला. एवढे झाल्यावर आपल्याकडे एखाद्या कृतीवर बोलणेच बंद होते. नारायण कांबळे हा म्हातारा लोकशाहीर. त्याच्यावर आरोप असा की त्याच्या गाण्याने चिथावून वासुदेव पवार या गटार-कामगाराने मॅनहोलमध्ये आत्महत्या केली. वीरा साथीदार यांनी कांबळे उभा केला. ते 'विद्रोही'चे संपादक, आपल्या चळवळीतले. २०२१ साली करोनाने गेले. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो कंटाळा, शंभरदा पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्या कार्यकर्त्याचा कंटाळा, अभिनयशाळेत शिकवता येत नाही.

या चित्रपटाची कौतुके न्यायव्यवस्थेच्या संथपणासाठी झाली. मला त्यातला युक्तिवाद जास्त भयंकर वाटतो. सरकारी वकीलबाई म्हणतात, पवार अनुभवी कामगार होता, साधनांशिवाय खाली जाणे जीवघेणे आहे हे त्याला माहीत होते, तरी गेला. अर्थात त्याला मरायचे होते. हे ऐकून प्रेक्षागृहात लोक हसतात. हसण्यासारखे त्यात काय आहे? वर्तमानपत्राचे 'उतरला' हेच क्रियापद बाईंनी तर्काच्या शेवटच्या टोकाला नेले आहे. तो आपणहून गेला असे एकदा मान्य केले की पुढचे सगळे ओघाने येते. आत्महत्येला चिथावणाऱ्याचा शोध लागतो. कामाला जुंपणाऱ्याचा शोध कोणीच घेत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात शाहीर उभा आहे. ज्या नोकरीने पवारला खाली धाडले, तिचा मालक खटल्यात कुठेच नाही. ही ताम्हाणे यांची नेमकी नजर आहे, आणि ती मी मोकळेपणाने मान्य करतो.

पवारच्या बायकोची साक्ष हा चित्रपटाचा गाभा. तिच्या सांगण्यात काही नाट्य नाही. नवरा पिऊन जायचा, कारण वास सहन होत नसे. त्याचा एक डोळा वायूने गेला होता. झुरळे दिसली तर आत हवा आहे असे तो समजायचा. ही झुरळे ऐकताना मला चुलत्याचा कंदील आठवला. दोन वेगळ्या गावांत, दोन वेगळ्या काळांत कामगारांनी आपापले शास्त्र करून घेतले होते, आणि दोन्ही शास्त्रे अपुरी होती. झुरळ जिथे जगते तिथे माणूस जगेलच असे नाही. यंत्र ज्यांनी द्यायचे त्यांनी दिले नाही, म्हणून ही विद्या जन्मली. साक्षीनंतर बचावाचा वकील तिला आपल्या मोटारीतून सोडतो, पैसे देऊ करतो. ती काम मागते. तो हळवा, सुशिक्षित, आपल्या बाजूचा माणूस आहे, आणि त्याच्याकडे तिला द्यायला काम नाही.

इतके असूनही चित्रपटाबद्दल माझी एक तक्रार आहे. पवार सुरुवात होण्याआधीच मेलेला आहे. आपल्याला वकिलाचे घर दिसते, वकीलबाईंचा स्वयंपाक दिसतो, न्यायाधीशांची सहल दिसते. मॅनहोल दिसत नाही. दिग्दर्शक न्यायालयाच्या बाजूने आत शिरला, म्हणून त्याला न्यायालयातली माणसे बारकाव्यासकट दिसली आणि पवार कागदावरच राहिला. हे कोणी 'कलात्मक संयम' म्हणून गौरवील. पण संयम म्हणताना, काय झाकले गेले ते विचारले पाहिजे. खरातांचा संयम हवालदाराला काठावर उभा ठेवतो. 'कोर्ट'चा संयम मुकादमाला चौकटीबाहेर ठेवतो. वतनाच्या काळात वरच्या माणसाला तोंड होते, नाव होते, अंगावर गणवेश होता. ठेकेदारीच्या काळात त्याला तोंड उरले नाही : संस्था ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार मुकादमाकडे, मुकादम म्हणतो तेच आपणहून आले. हे पुसलेले तोंड कागदावर काढणे हे आज लेखकाचे काम आहे, आणि ते अजून झालेले नाही.

हे फक्त मध्यमवर्गीय दिग्दर्शकाला सुनावून भागणार नाही. आपल्या साहित्यालाही हा प्रश्न विचारला पाहिजे. आपण पाणवठा लिहिला, शाळेतला कोपरा लिहिला, मेलेले ढोर लिहिले, शहरातली झोपडपट्टी लिहिली. टाकी कोठे आहे? एक कारण उघड आहे आणि ते बोलायला आपण कचरतो. आपल्या आत्मकथनांचा मोठा भाग पूर्वाश्रमीच्या महार समाजातून आला. ज्या मेहतर, वाल्मीकी, रुखी घरांना नगरपालिकांनी पिढ्यान्‌पिढ्या या कामाला बांधून ठेवले त्यांच्यातून, आणि मातंग वस्त्यांमधून, लिहिणारे हात फार थोडे पुढे आले. आणि जे आले त्यांना आपण किती जागा दिली, हे प्रत्येक संपादकाने आपले जुने अंक काढून पाहावे. 'दलित' हा शब्द आपण व्यापक केला, त्याचा जाहीरनाम्यात उच्चारही केला. अंकाच्या अनुक्रमणिकेत तो तितका व्यापक दिसत नाही.

दुसरे कारण त्याहून कठीण आहे. विहिरीतला बाप वर आला. त्याने तराळकी करून पोराला शाळेत घातले आणि पोराने लिहिले. टाकीतला बाप वर येत नाही. त्याचा पोरगा दहाव्याला त्याच ठेकेदाराकडे काम मागायला जातो. आत्मकथनाला जिवंत राहिलेला माणूस लागतो. म्हणून टाकीचे साहित्य आत्मकथनाच्या वाटेने येईल याची मला फारशी आशा नाही. ते काठावर असणाऱ्यांना लिहावे लागेल : बायकोला, पोराला, वस्तीतल्या शिकलेल्या मुलाला. भावनेने थबथबलेली कविता नको. ती आपल्याकडे रग्गड आहे. काय हवे आहे ते खरातांकडून शिकता येते. टाकी किती फूट खोल होती. झाकण कोणी उघडले. मजुरी किती ठरली आणि कोणाच्या हाताने मिळणार होती. गाडी बोलावली असती तर किती पैसे पडले असते. वर कोण उभा होता आणि तो काय म्हणाला.

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या मुलांना मी एक काम दिले. टाकीत माणसे गेल्याची कुठलीही एक मराठी बातमी आणायची आणि तिच्यातल्या प्रत्येक 'उतरला'च्या जागी 'उतरवला' घालून ती पुन्हा लिहायची. मुलांना वाटले, सरांनी सोपे काम दिले. दुसऱ्या दिवशी बहुतेकांच्या वह्या अर्ध्या होत्या. 'उतरवले' लिहिले की आधी 'कोणी' ते लिहावे लागते, आणि बातमीत ते नव्हते. एका मुलीने मात्र वाक्य पुरे केले होते. ती बातमी तिच्याच मामाच्या गावची निघाली. टाकी कोणाच्या वाड्यातली, बोलवायला कोण आले होते, हे तिला घरून ठाऊक होते. वर्गात वाचून दाखव म्हटले तर ती उठेना. ते नाव ज्या घराण्याचे, त्या घराण्यातली दोन मुले मागच्या बाकावर बसली होती.